मागचा एक्सल बदलताय? ब्रेक त्याच्याबरोबरचेच ठेवावेत की आपल्या जीपचे?

जुन्या महिंद्रा सीजे ३बी जीपचा मागचा एक्सल बदलायचा म्हटलं की आधी सगळे रेशोवर, म्हणजे एक्सलमधल्या दोन गिअरांच्या दातांच्या प्रमाणावर बोलतात. मोठ्या क्राऊन गिअरचे दात ४३ आणि छोट्या पिनियनचे ८ असतील तर ५.३८, ३९ आणि ८ असतील तर ४.८८. पुढचा-मागचा रेशो एकच हवा. गोळा (एक्सलचा फुगीर भाग, ज्यात हे गिअर असतात) उजवीकडे सरकलेलाच हवा, कारण ट्रान्सफर केसचा (दोन्ही एक्सलना ताकद देणाऱ्या पेटीचा) मागचा शाफ्टही त्याच बाजूला निघतो. हे तुम्हाला ठाऊक असणारच. ब्रेकबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही, आणि माझं सगळं घोडं तिथंच अडलं होतं.

माझ्या जीपच्या एक्सलचं हाऊजिंग, म्हणजे बाहेरचं कवच, वाकलं होतं आणि मागचा डावा टायर आतून खाल्ला जायचा. भंगारात एका नंतरच्या जीपचा एक्सल चांगला मिळाला. त्यावर ११ इंची ब्रेक ड्रम होते, माझ्या गाडीवर चारही चाकांना ९ इंची. मिस्त्री म्हणाले, "आहे तसा चढवू, ब्रेक मोठे मिळाले तर चांगलंच की." मलाही पटलं. चार यू-बोल्ट, प्रॉपेलरचा (एक्सलला फिरवणाऱ्या शाफ्टचा) क्रॉस, ब्रेकचा एक पाईप, आणि संध्याकाळी गाडी चाकांवर उभी. एक सांगून ठेवतो: ३बीचा हँडब्रेक ट्रान्सफर केसच्या मागच्या ड्रमवर लागतो. प्रॉपेलर काढला की तो असून नसल्यासारखा, म्हणून आधी पुढच्या चाकांना दगड लावा.

सोय बघायची तर एक्सल ब्रेकसकट चढवणंच सरस. वेळ वाचतो, हबला (चाक ज्यावर बसतं त्या भागाला) हात लावावा लागत नाही, लायनरचं (ड्रमवर घासणाऱ्या पट्टीचं) क्षेत्रही वाढतं. पण पायडल मला पहिल्या दिवसापासून खटकत होतं. पहिल्या दाबाला खाली जायचं, दुसऱ्याला वर यायचं. ब्रेकच्या पाईपात हवा राहिली असेल म्हणून ती काढायला तीनदा ब्लीडिंग केलं, ड्रमला आतून दाबणारे शू ॲडजस्ट केले, फरक नाही. मागचे व्हील सिलिंडर (चाकातले, शू ढकलणारे) मोठे होते आणि पायडलखालून त्यांना तेल पाठवणारा मास्टर सिलिंडर जुनाच, तेवढं तेल एका दाबात तो पुरवणार कुठून?

तेही चालवून घेतलं असतं. पण जुलैत भोरहून महाडला निघालो. वरंध घाट उतरताना, रस्ता ओला, वेग जेमतेम तीसचा, एका वळणाआधी नेहमीसारखा ब्रेक दाबला. पुढची चाकं फिरत होती, मागची दोन्ही जागच्या जागी थांबली आणि गाडीचा मागचा भाग कठड्याकडे सरकला. ब्रेक सोडल्यावर गाडी सरळ झाली. मागच्या सीटवर घरची माणसं होती. ब्रेक लावला की वजन पुढे येतं, मागची चाकं हलकी होतात. त्यात मागे ड्रमही मोठे आणि सिलिंडरही मोठे असतील तर ती आधी धरणारच. मूळ गाडीत म्हणूनच पुढे १ इंची आणि मागे पाऊण इंची सिलिंडर दिलेले असतात. तो तोल मीच बिघडवला होता.

मग एक्सल तोच ठेवून माझे जुने ब्रेक त्यावर आणले. यात दोन रविवार गेले. हब निमुळत्या शाफ्टवर घट्ट बसलेला असतो, पुलर लावूनही हलेना. पुलर ताणून रात्रभर तसाच ठेवला, सकाळी एक घाव घातला आणि बंदुकीसारखा आवाज करून हब सुटला. शाफ्टचा नट पूर्ण काढू नका, चार आटे तरी राहू द्या, नाहीतर हब अंगावर येतो. शू ज्यावर बसतात त्या बॅकिंग प्लेटमागे कागदासारखे पातळ शिम असतात, त्यांच्यावर शाफ्टची आत-बाहेरची हालचाल ठरते. प्लेट बदलली की ती पुन्हा मोजायची. मला एका बाजूला एक शिम वाढवावा लागला. माझ्या प्लेटची भोकं त्या हाऊजिंगला जुळली, तुमची जुळतीलच असं नाही. आधी लावून बघा.

जुने भाग म्हणजे सरसकट जुनं असंही नाही. ड्रम, प्लेट, शू ठेवले. सिलिंडरची रबरं नवी घातली, आणि एका सिलिंडरला आतून खड्डे पडले होते, तो त्याच मापाचा नवा घेतला. रबरी भाग ब्रेक ऑईलनेच पुसा. डिझेल-पेट्रोल लागलं तर ती फुगतात.

आता पायडल एका दाबात धरतं. त्याच घाटात पुढच्या पावसात दोनदा उतरलो, गाडी सरळ थांबते. थांबायचं अंतर मी मोजलेलं नाही, पायाला जे कळतं ते सांगतोय.

तुमच्या जीपमध्ये डिझेल इंजिन बसवलं असेल, टायर मोठे असतील किंवा हायवेवर जास्त फिरत असाल, तर ११ इंची ब्रेक जरूर घ्या. मात्र चारही चाकांना, आणि त्याला जुळणाऱ्या मास्टर सिलिंडरसकट. खर्च वाढेल, पण ते काम पूर्ण होईल. फक्त मागे मोठे आणि पुढे जुने, एवढं मात्र करू नका. आणि एक्सल विकत घेताना त्याचे हब, नट आणि शिमसुद्धा मागून घ्या. भंगारवाले हब कापून देतात, मग शाफ्टचे आटे जातात आणि शिम तर शोधूनही सापडत नाहीत.