हातातला एज ट्यूनर: दोन सीझन वापरून मग लिहितोय

कॅलगरीत राहतो आणि हिवाळ्यात जमेल तेवढे शनिवार स्नोबोर्ड घेऊन नाकिस्काला असतो. १९८८ च्या ऑलिम्पिकसाठी बांधलेला डोंगर आहे तो, तिथला बराचसा बर्फ मशीनने तयार केलेला, त्यामुळे सकाळी खाली नुसती फरशी असल्यासारखं टणक लागतं. मागच्या वर्षी हील साइडला, म्हणजे टाचांकडच्या कडेवर, वळताना बोर्ड सटकायला लागला, कडेवरून नख ओढून पाहिलं तर नखाचा जरासुद्धा कीस निघेना, म्हणजे धार गेली होती.

दर वेळी दुकानात टाकायचं तर पैसेही जातात आणि वीकेंडही, शिवाय कडेचं स्टील असतं जेमतेम दोनेक मिलिमीटर, सारखं मशीनवर घासलं तर उरणार काय? म्हणून कडेला धार लावायचा हा प्लॅस्टिकचा, मुठीत मावणारा ट्यूनर घेतला. आत छोटी कानस आणि कडेसाठी ८८, ८९, ९० अंश असे कोन. मी ८९ वर ठेवतो, टणक बर्फावर पकड छान येते.

कोन एकदा लावला की हलत नाही, ही याची सगळ्यात चांगली गोष्ट. पण सोबत डायमंड स्टोन (हिऱ्याची पूड बसवलेली घासायची पट्टी) देत नाहीत आणि हे मला अजिबात पटलं नाही. बोर्ड दगडावर आपटला की तेवढ्या जागचं स्टील कडक होतं, तिथे कानस नुसती घसरते आणि तिचेच दात जातात, म्हणून आधी डायमंड स्टोन ओला करून ती जागा आणि गंज काढायचा, मगच कानस. तो वेगळा घ्यावाच लागला.

वापरताना कडेवर मार्करने रेघ मारा, शाई पूर्ण निघाली म्हणजे कानस सगळीकडे लागतेय. आणि कानस एकाच दिशेने चालवायची, मागेपुढे घासायची नाही. सांगलीला बाबांच्या वर्कशॉपमध्ये लहानपणी हेच शिकलो होतो, "परत येताना उचल रे" असं ते दर वेळी म्हणायचे, ते इथे बर्फाच्या देशात असं कामाला येईल असं वाटलं नव्हतं. कीस मधेमधे ब्रशने झाडा, आणि बेसवर, म्हणजे बोर्डाच्या तळावर, टेप लावा नाहीतर प्लॅस्टिकखाली अडकलेला कीस ओरखडे पाडतो, माझ्या बोर्डाला पडलेत. शेवटी बोर्डाच्या नाकाशी आणि शेपटीशी, म्हणजे पुढच्या-मागच्या टोकांना, जिथे कडा बर्फापासून वर उचलते तिथे, गमी स्टोनने (रबरासारख्या घासायच्या ठोकळ्याने) धार थोडी बोथट करायची, नाहीतर वळण सुरू करतानाच कडा अडकते.

कानस एका सीझनमध्ये बोथट झाली, बदलावी लागली. तरीही मी हाच परत घेईन. घरी आल्यावर कडा कापडाने कोरड्या करतो आणि दर तीन-चार ट्रिपनंतर दहा मिनिटं डायमंड फिरवतो, कानस क्वचितच लागते.

बेसच्या बाजूचा कोन मात्र याने करायला जाऊ नका, आणि कडा वाकली किंवा बेसपासून सुटली असेल तर बोर्ड सरळ दुकानात न्या.