शेतातल्या रोडग्यांसाठी बिछायत आणि आचारी: काय भाड्यानं घ्यावं, काय घरीच ठेवावं

दिवाळीत पुण्या-मुंबईची लेकरं गावी येतात, भाऊबीजेला लेकी-जावई येतात, नातवंडं धरून घरात तीस माणसं सहज होतात. मग एक दिवस शेतात रोडग्यांचा, म्हणजे गव्हाच्या जाड पिठाचे थर देऊन वळलेल्या आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजलेल्या गोळ्यांचा, बेत ठरतो. पूर्वी हे सगळं घरच्याच हातांनी व्हायचं. आता वऱ्हाडातल्या दर्यापूर-मूर्तिजापूर पट्ट्यात तालुक्याच्या गावची बिछायत केंद्रं (मंडपाचं सामान भाड्यानं देणारी दुकानं) सतरंज्या-भांड्यांसोबत रोडगे करणारी माणसंही पाठवतात. हे परीक्षण त्या सेवेचं आहे.

सेवा दोन प्रकारे मिळते. ताटाप्रमाणे ठरवली, तर सामान, किराणा, स्वयंपाक, वाढणं सगळं त्यांचं. तुम्ही फक्त जेवायला जायचं. मजुरीवर ठरवली, तर किराणा तुमचा, भांडी-सतरंज्यांचं भाडं नगावर आणि आचाऱ्याची व मदतनिसांची हजेरी वेगळी. लग्नाच्या पंगतीला पहिला प्रकार ठीक. घरच्या जमावाला मात्र दुसराच घ्यावा, आणि त्यातही सगळं त्यांच्यावर सोपवू नये. विस्तव, वरण, भाजी आणि भांडी त्यांच्याकडे. पीठ, तूप आणि रोडगे वळणं घरच्यांकडे. ताटाप्रमाणे घेतलं की घरचीच माणसं पाहुण्यासारखी खुर्च्यांवर बसून मोबाईल बघत राहतात. सगळं घरी करायचं म्हटलं, तर आजी आणि दोन्ही सुना दिवसभर चुलीपाशी अडकतात आणि ज्यांच्यासाठी हा घाट घातला, त्यांच्याशी बोलणं होतच नाही.

ताटाप्रमाणे घेण्यात आणखी एक खोट आहे. वेळ वाचवायला काही जण गोळे आधी उकडून किंवा अर्धवट भाजून आणतात आणि जागेवर तेलात तळतात. ती बट्टी झाली. बट्टी वाईट असते असं नाही, बुलढाण्याकडे ती आवडीनं खातात, पण रोडगा म्हणून पैसे घेऊन बट्टी वाढणं बरोबर नाही. ठरवतानाच स्पष्ट सांगा: गोवऱ्यांत भाजलेला पाहिजे, जागेवर भाजलेला पाहिजे.

तारीख कोणती धरावी याला फार महत्त्व आहे. भाऊबीज ते तुळशीचं लग्न या आठवडा-दीड आठवड्यात बिछायतवाल्याचं सामान गोदामात पडून असतं. लग्नसराई अजून सुरू व्हायची असते, त्यामुळे भाडं उतरतं आणि मुख्य आचारी स्वतः येतो. तुळशीच्या लग्नानंतर हाच माणूस चुलत भावाला पाठवतो. डिसेंबरच्या शेवटी, नाताळच्या सुट्टीत बेत असेल तर लग्नाची तिथ पाहूनच दिवस धरा. तेव्हा तुरीच्या शेंगा भरलेल्या असतात, पोरांना उकडून द्यायला मिळतात, हा वरचा फायदा. उन्हाळ्याच्या सुट्टीत मात्र हा बेत दुपारी करूच नये. मे महिन्यात वऱ्हाडातल्या उन्हात निखाऱ्यापाशी कुणी उभं राहू शकत नाही. करायचाच तर संध्याकाळी.

आता हिशेब. माणसं तीस धरू, त्यात वीस मोठी आणि दहा लेकरं. मोठ्यांना दोन-दोन, लेकरांना एकेक असे पन्नास रोडगे होतात. वर दहा जास्तीचे धरा, कारण कुणी तरी शेजारचा येतोच आणि शेतातल्या गड्यालाही द्यायचे असतात. एक किलो पिठात मुठीपेक्षा थोडे मोठे दहा रोडगे बसतात, म्हणजे पीठ सहा किलो. वांगी सहा किलो, तुरीची डाळ पावणेदोन ते दोन किलो. मोहन, थरांना लावायला आणि भाजीला मिळून तेल दोन लिटर. तूप सव्वा ते दीड किलो. यात हात आखडला तर रोडग्याचा बेत करण्यात काही अर्थच नाही. गोवऱ्या शंभर. आचारी यादीत साधारण दीडपट लिहून देतो. त्याचा दोष नाही, कमी पडलं तर शिव्या त्याला खाव्या लागतात. पण ती यादी जशीच्या तशी किराणा दुकानात नेऊ नका.

पीठ हा सगळ्यात महत्त्वाचा भाग, आणि तो तुमच्या हातात आहे. गिरणीवाल्याला पोळीचं नको, जाडसर, रवाळ दळायला सांगा. पिशवीतला बारीक आटा वापरला तर रोडगा चिवट होतो, हातानं फुटत नाही. जाडं पीठ नाहीच मिळालं, तर चार वाट्या आट्याला एक वाटी रवा घाला. किलोला शंभर ग्रॅम कडकडीत तेलाचं मोहन, तीन चमचे मीठ, एक चमचा ओवा, चिमूट हळद. पाणी अर्ध्या लिटरच्या आतच, अंदाज घेत घाला. पीठ पुरीच्या कणकेपेक्षाही घट्ट पाहिजे. सैल भिजलं की राख चिकटते, कवच फाटतं आणि राख आत शिरते. भिजवून अर्धा तास झाकून ठेवा. घाईत हाच अर्धा तास गाळला जातो, मग लाटताना कडा चिरतात.

वळताना हातावर मावेल एवढी छोटी पोळी लाटून तिला तेल लावायचं, त्यावर तिच्यापेक्षा मोठी दुसरी, मग तिसरी. तीन किंवा चार थर पुरतात. आतल्या लहान पोळ्यांची घडी करून सगळ्यात मोठी पोळी वरून गुंडाळायची आणि तोंड चिमटून बंद करायचं. तोंड नीट मिटलं नाही, तर राख तिथूनच आत जाते. आचाऱ्याची माणसं घाईत थर गाळून नुसता गोळा वळतात. तो बाहेरून सुंदर दिसतो, आतून दगड. म्हणून वळण्याचं काम सतरंजीवर घरच्यांनी करावं. एक जण लाटायला, दोघं तेल लावायला, बाकीचे वळायला बसले की साठ रोडगे तासाभरात होतात, आणि गप्पाही तिथेच होतात. नातवंडांना लिंबाएवढे छोटे रोडगे वळू द्या. त्यावर काडीनं आपापलं अक्षर खोलवर कोरलं तर भाजल्यावरही ओळखू येतं आणि ‘माझा कोणता’ हे भांडण टळतं. हे छोटे कडेच्या मंद विस्तवात वीस-पंचवीस मिनिटांत होतात. मोठ्यांसोबत मधोमध टाकले तर कोळसा.

विस्तव सांभाळणं ही या सेवेची खरी किंमत आहे, आणि मजुरी द्यायची ती यासाठीच. गोवऱ्या मागच्या उन्हाळ्यातल्या, छपराखाली ठेवलेल्या पाहिजेत. दिवाळीच्या सुमारास नव्या थापलेल्या पुरत्या वाळलेल्या नसतात; धुमसत राहतात आणि त्यांचा वास रोडग्याला लागतो. आणलेल्यातली एक मोडून बघा, आत ओलसर काळपट दिसली तर परत करा. तीस रोडग्यांसाठी चार फूट लांब, तीन फूट रुंद जागा साफ करून गोवऱ्या रचून पेटवतात. ज्वाळ जाऊन, धूर पूर्ण थांबून लाल आर (निखारे) पडायला तासभर लागतो. चांगला माणूस तोवर कुणाचंही ऐकत नाही. “धूर सरू द्या जी, तवाच टाकू,” असं त्यानं दोनदा तरी म्हटलं, तर माणूस जाणता आहे असं समजा. ज्वाळेवर टाकलेला रोडगा बाहेरून करपतो आणि आत कच्चा राहतो. या सेवेबद्दलची सगळ्यात मोठी तक्रार हीच असते, आणि बहुतेक वेळा कारण यजमानांची घाई असतं.

आरावर रोडगे ठेवून पहिली दहा-पंधरा मिनिटं उलटसुलट फिरवत कवच टणक करतात. मग गरम राखेत आणि बारीक निखाऱ्यांत पुरून अर्धा तास ठेवतात. झाला की नाही ते बोटाच्या पेरानं टिचकी मारून कळतं: पोकळ आवाज आला आणि वरून तडा गेलेला दिसला की झाला. शंका असेल तर एक फोडा. थर सुटे झाले पाहिजेत आणि मध्ये ओला चिकट गोळा राहता कामा नये. साठच्या साठ एकाच वेळी टाकू देऊ नका. तीस-तीसचे दोन घाणे करा. एकावर एक पडलेले मधले कच्चे राहतात, आणि दुसरा घाणा गरम मिळतो ते वेगळंच. साडेनऊला गोवऱ्या पेटल्या तर पहिला घाणा सव्वाअकराच्या आसपास निघतो. रोडगे जाड सुती कापडानं पुसून टोपलीत कापड अंथरून ठेवायचे. स्टीलच्या डब्यात झाकले की घाम सुटून कवच मऊ पडतं. काही केंद्रं रोडगे ठेवायला थर्मोकोलची पेटी आणतात. ती बाजूला ठेवा, टोपली घरून न्या.

वरणात या भागाची एक अडचण आहे. दर्यापूर हा खारपाणपट्टा. विहिरीच्या किंवा बोअरच्या खारट, जड पाण्यात तुरीची डाळ तासभर उकळली तरी दाणा फुटत नाही. आचारी मग सोडा टाकतो, वरणाला साबणासारखी चव येते. त्यापेक्षा स्वयंपाकाचं पाणीही जारचंच घ्या. तीस माणसांना प्यायला वीस लिटरचे पाच जार, स्वयंपाकाला दोन. हात-भांडी धुवायला शेतातलं पाणी चालतं, पण कृषिपंपाची वीज कोणत्या वेळी असते ते आधी बघून ड्रम भरून ठेवा. वळायच्या वेळी हात धुवायला पाणी नसणं हा दर वेळचा घोळ आहे.

वांग्याच्या भाजीत आचाऱ्यांचा हात खरंच चांगला. सुकं खोबरं, कांदा, लसूण-आलं भाजून वाटलेला मसाला, वर तेलाचा लाल तवंग, आणि वांगी न मोडता शिजलेली. ही चव घरच्या छोट्या कढईत येत नाही हे मान्य करावं लागेल. तिखट मात्र लग्नाच्या पंगतीचं असतं. शहरात वाढलेल्या लेकरांसाठी तिखट घालण्याआधीच एक छोटा गंज (पातेलं) वेगळा काढायला सांगा, भाजी झाल्यावर दही कालवून काही होत नाही. लहानांना आणि दात नसलेल्या म्हाताऱ्यांना कवच काढून आतला मऊ भाग वरणात किंवा गूळ-तुपात चुरून द्यावा.

सामानाबद्दल थोडक्यात. सतरंज्या चांगल्या असतात, गाद्या चांगल्या नसतात; पावसाळाभर गोदामात राहिल्यानं कुबट वास येतो. चादरी घरच्या न्या. खुर्च्या मागताना हात असलेल्या सांगा, गुडघे दुखणाऱ्यांना बिनहाताच्या खुर्चीतून उठता येत नाही. गंज, कोपर (परात), झारे कल्हई-बिल्हईच्या भानगडीतले नसतात, सगळं अॅल्युमिनियम नाही तर स्टील; ठीक आहे, पण वापरण्याआधी आपल्या डोळ्यांसमोर एकदा धुवून घ्या. सामान छोट्या हत्तीत (मालवाहू टेम्पोत) येतं, त्याचं भाडं जाता-येता दोन्हीकडचं धरलेलं आहे का ते आधीच बोला. संडासाची सोय यांच्याकडे नसते. बायका-पोरं घेऊन दिवसभर राहायचं तर गावाला लागून असलेलं शेत निवडा, लांबचं रम्य शेत नको.

जागेचं एक सांगायलाच हवं, कारण आचारी ते बघत नाही. विस्तव पेटवण्याआधी वरच्या झाडात आग्या मोहोळ आहे का ते बघा. धूर लागला की माश्या खवळतात, आणि पोरं पळू शकत नाहीत. हिवाळ्यात वारा बहुधा उत्तरेकडून किंवा ईशान्येकडून असतो, म्हणून मंडप त्या बाजूला आणि विस्तव नैऋत्येला. दम्याच्या माणसाची खुर्चीही मंडपाच्याच बाजूला. वेचलेला कापूस, सोयाबीनचं कुटार (भुसा), वाळलेलं गवत यापासून विस्तव लांब ठेवून जवळ भरलेला ड्रम असू द्या. रोडगे काढल्यावर वरची राख पांढरी आणि थंड दिसते, पण आत संध्याकाळपर्यंत निखारे जिवंत राहतात. त्यावर पाय पडून भाजणारं लेकरूच असतं, म्हणून जेवणं उरकली की आचाऱ्याकडून पाणी मारून घ्या. ते त्याच्या मजुरीतच येतं, तो आपणहून करत नाही एवढंच.

उरलेले रोडगे तूप न लावता, पूर्ण गार झाल्यावर कागदात बांधून दिले तर थंडीत परतीच्या प्रवासात नि दुसऱ्या दिवशीही चांगले राहतात. वरण आणि वांग्याची भाजी गाडीत देऊ नका, आंबते.

आगाऊ रक्कम एक तृतीयांशपेक्षा जास्त देऊ नका. भांडी उतरवताना मोजून, पोचे आलेली बाजूला काढून चिठ्ठीवर लिहून घ्या. परत नेताना मोजणी अंधारात होते आणि हरवलेले म्हणून हमखास चमचे व वगराळी निघतात. मोजायला मोठ्या नातवाला बसवा, आणि चिठ्ठीवर बिछायतवाल्याच्या माणसाची सही घ्यायला सांगा.