नोकरी गेल्यावर भत्ता किंवा पीएफ अडकला: ऑफिसात जायचं, पोर्टलवर तक्रार टाकायची की आरटीआय करायचा?

नोकरी गेली की बहुतेकांच्या हक्काचे पैसे दोन ठिकाणी असतात, एक म्हणजे ईएसआयसीच्या (कर्मचारी राज्य विमा महामंडळाच्या) अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेतला बेरोजगारी भत्ता आणि दुसरा आपला स्वतःचा पीएफ, आणि नेमकं गरज असते तेव्हाच यातलं काहीतरी अडकतं. मग माणूस घाबरून एकाच दिवशी चार ठिकाणी तक्रारी टाकतो. माझं मत असं की कुठला मार्ग जास्त कडक हे बघूच नका, आधी आपला क्लेम नेमका कुठे थांबलाय ते बघा, कारण मार्ग त्यावरूनच ठरतो.

आधी भत्त्याचं थोडं, कारण तो असतो हेच अनेकांना माहीत नसतं. योजना 1 जुलै 2018 पासून आहे, सुरुवातीला रोजच्या सरासरी पगाराच्या 25 टक्के मिळायचे, 2020 मध्ये ते 50 टक्के केले, आणि आयुष्यभरात मिळून जास्तीत जास्त 90 दिवसांचे मिळतात. म्हणजे 18 हजार पगार असेल तर ढोबळमानाने रोजचे 300, पूर्ण 90 दिवसांचे 27 हजार. घरभाडं आणि किराणा निघतो हो त्यात, सोडू नका. 2020 च्या बदलाने अजून एक चांगली गोष्ट झाली, क्लेम जुन्या कंपनीमार्फत पाठवायची गरज उरली नाही, आपण थेट शाखा कार्यालयात देऊ शकतो. फक्त ही योजना मुदतवाढीवर चालत आलीये, त्यामुळे कागद गोळा करण्याआधी ती सध्या चालू आहे ना ते शाखेत विचारून घ्या.

आता मुख्य मुद्दा. पीएफचं स्टेटस उघडलं की साधारण चार प्रकार दिसतात आणि प्रत्येकाचं औषध वेगळं आहे.

पहिला, 'अंडर प्रोसेस'. सगळे कागद बरोबर असलेला क्लेम 20 दिवसांत निकाली काढायचा असा ईपीएफ स्कीमच्या परिच्छेद 72 मध्ये नियमच आहे, काही त्रुटी असेल तर तीसुद्धा त्याच 20 दिवसांत लेखी कळवायची, आणि योग्य कारण नसताना उशीर केला तर 12 टक्के दंडव्याज लावता येतं, तेही आयुक्तांच्या पगारातून कापून. त्यामुळे आठव्या दिवशी तक्रार टाकून काही होत नाही, 'प्रक्रियेत आहे' एवढंच उत्तर येतं आणि तक्रार बंद. 20 दिवस उलटले की मात्र तुमची बाजू पक्की असते.

दुसरा, 'रिजेक्टेड'. इथं लोक सगळ्यात जास्त वेळ घालवतात. क्लेम एकदा रिजेक्ट झाला की ऑफिसच्या लेखी तो संपला, त्यावर कितीही तक्रारी करा, 'दुरुस्ती करून पुन्हा अर्ज करा' हेच लिहून येणार. शेजारी जो शेरा असतो तो शब्द न् शब्द वाचा. नावात किंवा जन्मतारखेत आधारशी फरक आहे, वडिलांचं नाव जुळत नाही, पेन्शनचे पैसे काढायचा फॉर्म 10सी भरलाय पण सर्व्हिस दहा वर्षं झाल्यामुळे पैसे काढताच येत नाहीत, असं काहीतरी ठोस असतं तिथे. ते आधी दुरुस्त करा, जॉइंट डिक्लरेशन, म्हणजे नोंदी दुरुस्त करायचा अर्ज, आता ऑनलाइन भरता येतं, आणि 1 ऑक्टोबर 2017 नंतरचा आधारने पडताळलेला यूएएन (आपला कायमचा पीएफ नंबर) असेल तर नाव जन्मतारखेसारख्या बऱ्याच गोष्टी कंपनीच्या मंजुरीशिवाय स्वतःच बदलता येतात.

तिसरा प्रकार, क्लेम भरताच येत नाही कारण कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख टाकलेली नाही. एचआर फोन उचलत नाही, उचलला तर 'टाकतो' म्हणतात. त्यांच्या मागे लागत बसू नका. पीएफचा शेवटचा हप्ता जमा झाल्यापासून दोन महिने झाले की यूएएन पोर्टलवर 'मार्क एग्झिट'मधून आधार ओटीपीने आपण स्वतः तारीख टाकू शकतो. तारीख नीट बघून टाका, ती नंतर बदलणं कटकटीचं आहे.

चौथा, स्टेटसला 'सेटल्ड' आहे पण खात्यात पैसे नाहीत. हे बहुतेक वेळा बँकेचं असतं, विलीनीकरणानंतर आयएफएससी बदललेला असतो आणि केवायसीत जुनाच पडून असतो, मग पैसे परत ऑफिसकडे जातात. आपल्याकडून खात्याचा तपशील बरोबर झाला तरी पैसे आपोआप परत येत नाहीत, ऑफिसला ते पुन्हा पाठवावे लागतात, म्हणून इथं माणसाशी बोलणंच बरं पडतं.

आता मार्गांची तुलना.

प्रत्यक्ष ऑफिसात जाणं हे चौथ्या प्रकाराला आणि कारणच कळत नसेल तेव्हा सगळ्यात उपयोगी. पीआरओ काउंटरवर 'माझे पैसे कधी येणार' असं विचारलं की 'येतील' एवढंच उत्तर मिळतं, त्याऐवजी क्लेम आयडी पुढे करून विचारा की हा आत्ता कुणाच्या लॉगिनला आहे, डीलिंग असिस्टंटकडे, सेक्शन सुपरवायझरकडे की अकाउंट्स ऑफिसरकडे. या एका प्रश्नाने समोरचा माणूस स्क्रीन उघडून बघतो. जिल्ह्याचं ऑफिस लांब असेल तर दर महिन्याच्या 27 तारखेला 'निधी आपके निकट' शिबिर असतं, सुट्टी आली तर पुढच्या कामाच्या दिवशी. तोटा एकच पण मोठा, तोंडी बोलण्याचा पुरावा राहत नाही, म्हणून अर्जाच्या दोन प्रती न्या आणि एकीवर पोच घ्याच. भत्त्याच्या बाबतीत तर मी शाखा कार्यालयच आधी सांगेन, कारण तिथला घोळ बहुतेक वेळा हप्त्यांच्या दिवसांचा असतो, नोकरी जाण्याआधीच्या सहामाहीत किमान 78 दिवसांचे हप्ते लागतात आणि त्याआधीच्या तीनपैकी एका सहामाहीत पुन्हा 78, आणि कुठले दिवस कमी पडले हे तिथेच समोर दाखवतात.

ईपीएफआयजीएमएस म्हणजे पीएफचं स्वतःचं तक्रार पोर्टल. 20 दिवस उलटलेत आणि कागद बरोबर आहेत, तर पहिलं पाऊल हेच. फुकट आहे, नंबर मिळतो, स्मरणपत्र पाठवता येतं. कमजोरी अशी की तक्रार त्याच ऑफिसकडे जाते ज्याच्याकडे क्लेम अडकलाय. मजकुरात घरची परिस्थिती लिहून जागा भरू नका, मुद्द्याचं लिहा: 'माझा फॉर्म 19 चा (पीएफ काढण्याचा) क्लेम अमुक तारखेला ऑनलाइन दाखल झाला. केवायसी मंजूर आहे. आजपर्यंत कोणतीही त्रुटी कळवलेली नाही. 20 दिवसांची मुदत संपली आहे. क्लेम निकाली काढावा किंवा त्रुटी लेखी कळवावी.' बस. शेवटचं वाक्य महत्त्वाचं, त्याला गुळमुळीत उत्तर देता येत नाही.

सीपीग्राम्स हे केंद्र सरकारचं एकत्रित पोर्टल, पीएफ आणि ईएसआयसी दोन्हींसाठी चालतं. 2024 च्या सूचनांप्रमाणे 21 दिवसांत निपटारा अपेक्षित आहे, आणि खरी ताकद अपिलात आहे, तक्रार थातूरमातूर बंद केली तर 30 दिवसांत अपील करता येतं आणि ते वरच्या अधिकाऱ्याकडे जातं. ईपीएफआयजीएमएसवर एकदा बंद झालेल्या तक्रारीचा नंबर जोडून इथं या, थेट इथं आलात तर प्रकरण खालीच पाठवलं जातं आणि फक्त दिवस जातात. ईएसआयसीच्या भत्त्याला मात्र शाखेतून पोच घेतल्यावर पुढचं पाऊल म्हणून मी हेच निवडेन.

आरटीआयबद्दल लोकांचा गैरसमज फार आहे. 10 रुपये फी, 30 दिवसांत उत्तर, पण मिळते ती माहिती, पैसे नाहीत. ज्याला पुढच्या आठवड्यात कर्जाचा हप्ता भरायचाय त्याने याच्यावर विसंबू नये. पण कारण लपवलं जातंय किंवा दर वेळी वेगळं कारण सांगतायत, तेव्हा 'क्लेम कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत कुणाच्या टेबलवर होता आणि त्यावर काय शेरा आहे' एवढं विचारलं की फाइल हलते, बऱ्याचदा उत्तराच्या आधीच. तक्रारीबरोबर समांतर टाका, तक्रारीऐवजी नको.

ग्राहक आयोग हा शेवटचा. पीएफचा सभासद ग्राहक ठरतो हे सुप्रीम कोर्टाने शिवकुमार जोशी प्रकरणातच मान्य केलंय, आणि 5 लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी लागत नाही. पण वेळ लागतो, त्यामुळे रक्कम मोठी असेल आणि बाकीचे मार्ग कागदोपत्री संपलेले असतील तरच.

एक प्रकार या सगळ्याच्या बाहेरचा आहे, कंपनीने पगारातून कापले पण भरलेच नाहीत. पगाराची स्लिप आणि पीएफ पासबुक शेजारी ठेवून महिना महिना जुळवा, स्लिपवर कपात दिसते आणि पासबुकात तो महिनाच नाही असं निघालं तर क्लेमच्या उशिराची तक्रार करू नका, थेट आस्थापनेविरुद्ध तक्रार करा आणि स्लिपा जोडा. ईएसआयचंही तसंच, 78 दिवस भरत नाहीत ते अनेकदा यामुळेच. याला महिने लागू शकतात हे खरं, म्हणून जे महिने भरलेले आहेत तेवढा पीएफ काढून घ्या, उरलेल्यासाठी थांबू नका, आणि 'मी दोन दिवसांत करून देतो' म्हणणाऱ्या एजंटला ओटीपी तर अजिबात देऊ नका, त्याच ओटीपीवर बँक खातं बदललं जातं.