बेबी फॉर्म्युला आणि बहिष्कार: कंपनीचं सगळंच बंद करावं की एकच वस्तू?

तान्ह्या बाळांच्या पावडर-दुधाची विक्री ज्या रीतीने होते ती पटत नाही, म्हणून नेस्लेवर बहिष्कार घालायचा, इतकं ज्यांचं ठरलं आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. फुकट नमुन्यांमुळे काय होतं ते तुम्हाला माहीत असेलच. नमुना संपेपर्यंत अंगावरचं दूध आटत आलेलं असतं. मग डबा विकत घेण्यावाचून गत्यंतर नसतं. तो परवडत नाही म्हणून पावडर कमी आणि पाणी जास्त पडतं, आणि पाणी अस्वच्छ असलं की बाळाला जुलाब सुरू होतात. प्रश्न उरतो तो बहिष्कार घालायचा कसा, एवढाच.

दोन रीती रुळलेल्या आहेत. पहिलीत कंपनीची एकही वस्तू घरात येऊ द्यायची नाही. दुसरीत एकच ठळक वस्तू बंद करायची आणि का बंद केली ते कंपनीला लिहून कळवायचं. ब्रिटनमधल्या ‘बेबी मिल्क अ‍ॅक्शन’ या संस्थेने नेसकॅफेला मुख्य लक्ष्य केलं आहे ते याच विचाराने.

पहिल्या रीतीची बाजू कमकुवत नाही. पैसा कुठल्याही वस्तूतून आला तरी जातो एकाच तिजोरीत, त्यामुळे तत्त्व म्हणून हीच रीत जास्त सरळ वाटते. इतिहासही तिच्या बाजूने बोलतो. १९७७ साली अमेरिकेत सुरू झालेला बहिष्कार कंपनीच्या सगळ्याच वस्तूंवर होता, आणि १९८४ मध्ये कंपनीला चार मुद्द्यांवर लेखी हमी द्यावी लागली: माहितीपत्रकं, डब्यावरचे इशारे, आरोग्य कर्मचाऱ्यांना भेटवस्तू आणि रुग्णालयांना फुकट पुरवठा. मात्र त्या वेळी मागे चर्च होती, संघटना होत्या. काय घ्यायचं आणि काय नाही हे बघायला माणसं होती. एका घराने हे सगळं एकट्याने सांभाळायचं म्हटलं की अडचण येते ती यादीची.

माझ्यापुरता कौल त्या यादीनेच दिला. ती कधी पुरी होत नाही आणि फार दिवस खरीही राहत नाही. २०१८ मध्ये नेस्लेने अमेरिकेतला चॉकलेटचा धंदा फेरेरोला विकला. त्याच वर्षी स्टारबक्सची पाकीटबंद कॉफी दुकानांतून विकण्याचे हक्क घेतले. २०२१ मध्ये उत्तर अमेरिकेतले बाटलीबंद पाण्याचे बरेच ब्रँड विकून टाकले, पण पेरिए आणि सॅन पेलेग्रिनो स्वतःकडे ठेवले. २०१७ ची यादी हाताशी धरून चालणारा माणूस आज फेरेरोचं चॉकलेट टाळत असेल आणि घरी नेस्लेने विकलेली कॉफी पीत असेल. किटकॅट बहुतेक देशांत नेस्लेचं आहे, पण अमेरिकेत ते परवान्यावर हर्शी बनवते. नेस्लेच्या नावाची न्याहारीची सीरियल्स जनरल मिल्सच्या भागीदारीतून येतात. आणि लॉरिआलमध्ये नेस्लेचा साधारण पाचवा हिस्सा आहे, मग शाम्पूही सोडायचा का?

या प्रश्नाला निश्चित उत्तर नाही, आणि नेमकं त्यातच नुकसान होतं. बोलणं बाळांच्या दुधावरून हलतं आणि कंपन्यांच्या मालकीवर जाऊन बसतं. घरातलं कुणीतरी चुकून काहीतरी आणतं, त्यावरून वाद होतो, आणि हळूहळू सगळंच सुटतं. शिवाय वीस वस्तूंची खरेदी थोडी थोडी कमी झाली तर कंपनीला त्याचं कारण कळायला मार्ग नसतो. ज्यांना यादी सांभाळायचा कंटाळा नाही त्यांनी पहिली रीत जरूर धरावी. मी दुसरीकडे झुकलो.

दुसऱ्या रीतीतही खोट आहे. आपण कधी घेतच नव्हतो अशी वस्तू निवडली तर त्याग शून्य. म्हणून निवडलेली वस्तू दर महिन्याला घरात येणारी असावी, तिच्यावर कंपनीचं नाव स्पष्ट असावं आणि तिला सहज पर्याय असावा. बाळाचं कुठलंही अन्न या कामासाठी कधीच निवडू नये.

पत्रात मागणी नेमकी हवी. ‘तुम्ही अनैतिक आहात’ असं लिहिलं तर उत्तरात बहुधा कंपनीच्या धोरणाचं गोडसं पत्रक येतं. त्यापेक्षा बाळांच्या पावडर-दुधाची विक्री कशी करावी याची जी १९८१ ची आंतरराष्ट्रीय संहिता आहे, तिचं कलम लिहावं: ५.१ लोकांसमोर जाहिरात, ५.२ मातांना नमुने, ५.५ विक्री कर्मचाऱ्यांनी मातांशी संपर्क, ७.३ आरोग्य कर्मचाऱ्यांना आमिष, ९.२ डब्यावर बाळाचं चित्र. सगळ्यात मोठी फट वयाची आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या मार्गदर्शनानुसार ३६ महिन्यांपर्यंतच्या मुलांसाठी विकलं जाणारं दूधही संहितेत येतं. कंपनीने २०२२ मध्ये जगभर जाहिरात थांबवण्याचं जाहीर केलं ते सहा महिन्यांखालच्या बाळांच्या दुधापुरतं. बाळाच्या वयानुसार १, २, ३ असे क्रमांक टाकलेले एकाच रंगाचे, एकाच नावाचे डबे याच फटीतून येतात. जाहिरात ३ नंबरची होते आणि नाव लक्षात राहतं १ नंबरचं. मला एकच वाक्य लिहायला सांगितलं तर ३६ महिन्यांचं लिहीन.

पत्रासोबत उल्लंघनाचा पुरावा जोडता आला तर त्याला खरं वजन येतं. डब्याच्या किंवा पत्रकाच्या सगळ्या बाजूंचे फोटो, बॅच क्रमांक, तारीख, ठिकाण, आणि ते कुणी दिलं ही नोंद. तारीख आणि ठिकाण नसेल तर तक्रार पुढे सरकत नाही. जिथे संहितेचा कायदा झाला आहे, उदाहरणार्थ भारतात १९९२ पासून, तिथे हा पुरावा कायद्याच्या वाटेने जाऊ शकतो. नसेल तिथे ‘इब्फान’ या आंतरराष्ट्रीय जाळ्यातल्या संस्था तो गोळा करतात.

आता ज्या घरात बाळाला वरचं दूध लागतंच, त्यांच्याबद्दल. त्यांनी बहिष्काराचं ओझं घेऊ नये. फॉर्म्युलाच्या घटकांचं प्रमाण कोडेक्सच्या, म्हणजे अन्नाच्या आंतरराष्ट्रीय मानकाने ठरलेलं असतं, त्यामुळे मिळेल तो आणि परवडेल तो डबा घ्यावा. ७० अंशांपेक्षा थंड नसलेल्या पाण्यात, डब्यातल्याच चमच्याच्या मापाने दूध करावं आणि पाजण्याआधी ते निववावं. नेस्ले सोडून डॅनोन, अ‍ॅबट किंवा मीड जॉन्सन घेतल्याने तत्त्व साधतं असंही नाही. संहिता मोडल्याच्या तक्रारी त्यांच्याबद्दलही आहेत. नेस्ले लक्ष्य झाली ती बाजारात सगळ्यांत मोठी असल्यामुळे.

शेवटची गोष्ट बहुतेक जण विसरतात: बहिष्कार कधी संपवायचा हे पत्रातच लिहून टाकावं. १९८४ मध्ये जानेवारीत आधी फक्त स्थगिती दिली होती. शब्द पाळला जातो का ते पाहूनच ऑक्टोबरमध्ये समाप्ती जाहीर झाली. तरीही रुग्णालयांना फुकट पुरवठ्याचा मुद्दा पुन्हा उभा राहिला आणि १९८८ मध्ये बहिष्कार नव्याने सुरू करावा लागला. त्यामुळे कंपनीकडून आश्वासन आलं तरी बंद केलेली वस्तू लगेच घरात आणू नये. आधी वर्षभर डबे आणि जाहिराती तपासाव्यात.