डेड ऑफ नाइट (1945): पाच भयकथा, पण घ्यायची तर पूर्ण प्रत

लंडनच्या ईलिंग स्टुडिओचा हा कृष्णधवल चित्रपट चार दिग्दर्शकांनी मिळून केला. एक वास्तुविशारद खेड्यातल्या घरी पोचतो आणि तिथल्या अनोळखी माणसांना म्हणतो, तुम्हाला सगळ्यांना मी स्वप्नात पाहिलंय. मग एकेक जण आपला अनुभव सांगू लागतो. खरी मेख इथेच आहे. दोन गोष्टींच्या मधला हा दिवाणखाना नुसता दुवा नाही, भीती मुरते ती तिथेच.

चार दिग्दर्शकांपैकी रॉबर्ट हेमरचा आरशाचा भाग सर्वांत उजवा. नवऱ्याला आरशात आपली खोली दिसतच नाही. दिसते ती जुनी, छपरी पलंगाची, शेकोटी पेटलेली. बायकोला मात्र नेहमीचीच खोली दिसते. भूत कुठेच नाही, तरी अंगावर काटा येतो. शेवटची शब्दभ्रमकार आणि ह्यूगो बाहुल्याची गोष्ट मायकेल रेडग्रेव्हने घामेजल्या चेहऱ्याने पेलली आहे. गोल्फची गोष्ट विनोदी आणि फिकी. पण चहाला उठू नका, पुढच्या धक्क्याआधी ती उसंत हवीच.

डिस्क घेताना लांबी तपासा. मूळ 103 मिनिटांच्या आसपास आहे. युरोपीय पाल (PAL, तिकडची टीव्ही-पद्धत) डीव्हीडीवर 99 दिसली तर घाबरू नका: तिथे सेकंदाला 24ऐवजी 25 फ्रेम धावतात, म्हणून तोच चित्रपट जरा लवकर संपतो. 80च्या आत असेल तर ती अमेरिकी काटछाट. तीत नाताळची आणि गोल्फची गोष्ट गायब, त्यामुळे शेवटच्या दुःस्वप्नातले काही चेहरे कुठून आले तेच कळत नाही.