निळी केबल, एकसंध यूएसबी केबल की मागचा मिनी-यूएसबी : कन्सोलसाठी काय घ्यावे?

राउटर किंवा स्विचला आयपी दिलेला नाही, एसएसएच (नेटवर्कवरून लॉगिन) सुरू नाही किंवा पासवर्ड हरवला आहे, म्हणजे गाठ कन्सोलशीच, म्हणजे केबल लावून थेट आत शिरायच्या सिरियल पोर्टशी. लॅपटॉपवरचा नऊ पिनांचा सिरियल पोर्ट कधीच गेला, त्यामुळे पर्याय तीन उरतात. एक, सिस्कोच्या खोक्यात येणारी चपटी निळी केबल आणि तिला यूएसबी ॲडॉप्टर. दोन, एका टोकाला यूएसबी आणि दुसऱ्या टोकाला आरजे४५ असलेली एकसंध केबल. तीन, उपकरणावरचाच मिनी-यूएसबी कन्सोल पोर्ट.

९६००-८-एन-१ (वेग ९६०० बिट प्रति सेकंद, ८ डेटा बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट) सगळ्यांना पाठ असते. एवढेच सांगतो की पुटी या टर्मिनल प्रोग्राममध्ये फ्लो कंट्रोल (डेटा थांबवण्या-सोडण्याची पद्धत) मुळात 'एक्सऑन/एक्सऑफ' वर असतो, तो 'नन' करून सेशन सेव्ह करावा. नाहीतर तिकडून एखादे एक्सऑफ चिन्ह आले की आपले टायपिंग पुढे जाणे थांबते आणि दोष केबलला दिला जातो. मिक्रोटिक कंपनीच्या राउटर बोर्डांना ९६०० नाही, १,१५,२०० लागतो. स्क्रीनवर अगम्य चिन्हे उमटत असतील तर बहुधा केबल ठीक आहे, वेग चुकला आहे.

निळ्या केबलची जोडी टाकाऊ मुळीच नाही. आरजे४५ ची क्लिप मोडली तर फक्त निळी केबल बदलायची, आणि नऊ पिनांचा पोर्ट असलेल्या जुन्या उपकरणालाही तोच ॲडॉप्टर चालतो (तिथे बहुधा नल-मोडेम, म्हणजे पाठवण्या-घेण्याच्या तारा उलटवलेली केबल लागते). खटकतो तो मधला सांधा. पुष्कळदा केबलच्या टोकालाही स्क्रू आणि ॲडॉप्टरच्या टोकालाही स्क्रू, नट कुठेच नाहीत. मग दोन्ही टोके नुसती एकमेकांत खोचलेली राहतात आणि रॅकमागे केबल लोंबकळली की अर्ध्या कामात निसटतात. स्वस्त ॲडॉप्टरमध्ये जुनी किंवा नक्कल केलेली पीएल२३०३ (सिरियलचे यूएसबी करणारी) चिप निघाली तर विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळे चिन्ह आणि 'फेज्ड आउट सिन्स २०१२' असा शेरा दिसतो. जुना ड्रायव्हर हाताने निवडला की ती चालते, पण विंडोज अपडेट नवा ड्रायव्हर पुन्हा बसवू शकतो.

मिनी-यूएसबी पोर्ट कागदावर सर्वांत सोयीचा. सिस्कोच्या १९०० आणि २९०० मालिकेच्या राउटरवर, तसेच सिस्कोच्याच बऱ्याच कॅटॅलिस्ट स्विचवर तो आहे. चालू उपकरणावर दोन ओळी बदलायच्या असतील तर त्यात काही वावगे नाही. अडचण येते ती वीज बंद करून चालू करताना. सिरियलचे यूएसबी करणारी चिप इथे उपकरणाच्या पोटात असते. वीज गेली की चिपही मरते, विंडोजमधून कॉम पोर्ट (विंडोजने त्या सिरियल जोडणीला दिलेले नाव) नाहीसा होतो आणि पुटी 'एरर रीडिंग फ्रॉम सिरियल डिव्हाइस' म्हणून थांबतो. वीज आल्यावर विंडोज पोर्ट पुन्हा ओळखणार, मग आपण सेशन पुन्हा सुरू करणार, तोवर बूटच्या पहिल्या ओळी निघून गेलेल्या असतात. राउटरचा पासवर्ड काढायचा असेल तर चालू झाल्यापासून पहिल्या मिनिटातच ब्रेक (बूट थांबवणारा खास सिरियल इशारा) द्यावा लागतो, आणि त्यातलेच सेकंद इथे खर्च होतात. सगळ्याच उपकरणांत असे होईल असे म्हणत नाही, माझ्या हाताखालून गेलेल्या बहुतेकांत होते. टेरा टर्म हा पुटीसारखाच प्रोग्राम पोर्ट परत आला की आपणहून जोडून घेतो, त्याने त्रास थोडा हलका होतो.

शिवाय कॅटॅलिस्टवर यूएसबी केबल लावलेली असली की टायपिंग तिकडूनच घेतले जाते. आरजे४५ वर मजकूर दिसत राहतो, पण कळ दाबून काहीच होत नाही. कुणीतरी मागे केबल विसरले असेल तर इथे तासभर सहज जातो. 'लाइन कन्सोल ०' मध्ये 'मीडिया-टाइप आरजे४५' दिले की हे थांबते, पण त्यासाठी आधी आत शिरता यायला हवे.

म्हणून माझा कल एकसंध केबलकडे आहे. चिप केबलमध्ये असल्याने राउटर दहा वेळा बंद-चालू केला तरी कॉम पोर्ट जागचा हलत नाही आणि बूटची पहिली ओळही हातची जात नाही. एफटीडीआय कंपनीच्या चिपची घ्यावी. तिला स्वतःचा अनुक्रमांक असतो, त्यामुळे लॅपटॉपच्या कुठल्याही यूएसबी पोर्टात लावली तरी कॉमचा आकडा तोच राहतो. नकली एफटीडीआयपासून मात्र जपा. २०१६ च्या सुमारास आलेला ड्रायव्हर अशी चिप ओळखली की डेटाच्या जागी 'नॉन जेन्युइन डिव्हाइस फाउंड' हा मजकूर घुसवत असे. लांबी कमी पडली तर यूएसबीची बाजू वाढवू नका, आरजे४५ च्या बाजूला कपलर (दोन केबल जोडणारा छोटा जोड) आणि साधी सरळ पॅच कॉर्ड लावा.

हिची उणीव म्हणजे क्लिप मोडली की अख्खी केबल बाद. ते मी चालवून घेतो.

घेतल्यावर आधी ब्रेक जातो का ते पाहा. पुटीच्या शीर्षकपट्टीवर उजवी क्लिक, 'स्पेशल कमांड', 'ब्रेक'. टेरा टर्ममध्ये ऑल्ट-बी. जात नसेल तर वेग १२०० करा, राउटर बंद-चालू करा आणि दहा-पंधरा सेकंद स्पेसबार दाबत राहा. या वेळात स्क्रीन कोरी राहील, घाबरू नका. १२०० वर स्पेसचा सुरुवातीचा बिट आणि पाठचे पाच शून्य मिळून सिग्नलची तार सलग ५ मिलिसेकंद शून्यावर राहते. राउटर ऐकतो त्या ९६०० वर पूर्ण अक्षरच जेमतेम १ मिलिसेकंदाचे, त्यामुळे राउटरला तो ब्रेकच वाटतो. मग वेग ९६०० वर आणा, समोर रॉममॉनचा (राउटरच्या बूटपूर्व प्रोग्रामचा) प्रॉम्प्ट असेल.