बाथरूमच्या टाइल्स: एकरकमी ठेका घ्यावा की मोजमापावर दर?

दोन ठेकेदारांचे कोट हातात आले की नजर पहिल्यांदा शेवटच्या आकड्यावर जाते. ते साहजिक आहे, पण कोट रास्त आहे की नाही हे त्या आकड्यावरून सहसा कळत नाही, कारण दोघांनी एकाच कामाचा भाव दिलेला नसतो. एकाने ‘तोडफोडीपासून ग्राउटिंगपर्यंत (म्हणजे टाइलांमधले सांधे भरण्यापर्यंत), साहित्यासह’ असं लिहून खाली एक रक्कम टाकलेली असते. दुसऱ्याने तोडफोड, डेब्रिज उचलणं, वॉटरप्रूफिंग, भिंत, फरशी आणि कोपऱ्यांचं कटिंग अशा वेगवेगळ्या बाबी लिहून प्रत्येकीपुढे दर मांडलेला असतो. दोन्ही पद्धतींचे कोट माझ्याकडे आले होते. मी दुसरी पद्धत निवडली आणि परत वेळ आली तर बहुधा तीच निवडेन. तरी पहिलीच्या बाजूनेही बरंच बोलता येतं, आणि ते आधी सांगायला हवं.

एकरकमी ठेक्यात डोक्याला ताप कमी असतो. वाळू संपली, ॲडेसिव्हची (टाइल चिकटवायच्या मसाल्याची) एक पिशवी कमी पडली, कटरची चकती झिजली, यातलं काहीच तुमच्यापर्यंत येत नाही. जुनी टाइल काढताना अर्धं प्लास्टर सोबत आलं तर प्रामाणिक ठेकेदार ते निमूटपणे भरून घेतो, कारण असा धोका त्याने रकमेत धरलेला असतो. तो धोका उचलण्याचे पैसे घेणं यात गैर काही नाही. कामावर रोज उभं राहणं ज्यांना शक्य नाही, त्यांच्यासाठी ही सोय मोलाची आहे. कोट दहा-पंधरा टक्के जास्त वाटला म्हणून लगेच त्याला महाग म्हणू नये, एवढं मी मनापासून सांगेन.

मोजमापावर दर घेतला की डोळे उघडे ठेवावे लागतात, आणि सगळ्यात आधी ते क्षेत्रफळावर ठेवावे लागतात. ८ बाय ५ फुटांचं बाथरूम घ्या, भिंतींना ७ फुटांपर्यंत टाइल. घेर २६ फूट, म्हणजे भिंती १८२ चौरस फूट. फरशी ४०. एकूण २२२. यातून अडीच फुटी दरवाजाचे १७.५ आणि २ बाय दीड फुटाच्या झरोक्याचे ३ वजा केले की प्रत्यक्ष काम उरतं २०१.५ चौरस फूट. आता होतं काय, तर काही कोटांत दरवाजा-खिडकी वजा न करता २२२ धरतात, त्यावर पुन्हा १० टक्के घट (कापताना-तुटताना वाया जाणारा माल) चढवतात आणि २४४ वर मजुरी लावतात. घट ही टाइल्स विकत घेताना धरायची गोष्ट आहे. मजुरी द्यायची ती भिंतीवर बसलेल्या टाइलची. २०१.५ ऐवजी २४४ धरले तर, दर सहाव्या हिश्शाने स्वस्त दाखवणारा ठेकेदार शेवटी दुसऱ्याच्या बरोबरीलाच येतो. म्हणून दर विचारण्याआधी ‘क्षेत्रफळ किती धरलं आणि कसं?’ हे विचारा. लहानसा झरोका वजा केला नाही तर मात्र हुज्जत घालू नये. त्याच्या कडांना टाइल कापून बसवण्यात तेवढी मेहनत जातेच.

टाइल्सच्या खरेदीतही असाच एक बारीक फरक लपलेला असतो. २ बाय १ म्हणून विकली जाणारी टाइल खरं तर ६०० बाय ३०० मिलिमीटर असते. म्हणजे ०.१८ चौरस मीटर, किंवा जेमतेम १.९४ चौरस फूट. दोन धरून हिशेब केला तर तीन टक्के माल कमी पडतो, आणि कमी पडलेला माल नंतर दुसऱ्या बॅचचा येतो, मग रंगात किंचित फरक दिसतो. बॉक्सवर छापलेल्या चौरस मीटरला १०.७६ ने गुणलं की खरा आकडा मिळतो.

आणखी एक. हॉलच्या फरशीचा दर बाथरूमला लावून कोट महाग ठरवू नका. हॉलमध्ये अख्ख्या टाइल्स सलग बसत जातात. बाथरूममध्ये दर चार टाइलांमागे एक कापावी लागते, नळाच्या पॉइंटला भोक पाडावं लागतं, कोपऱ्यात ४५ अंशांत कडा घासावी लागते आणि फरशीला नहाणी ट्रॅपकडे, म्हणजे पाणी जायच्या जाळीकडे, ढाळ द्यावा लागतो. बाथरूमचा दर जास्त असणं हेच रास्त आहे. उलट दोन्हीला एकच दर सांगणाऱ्याकडे मी जरा साशंकतेने पाहतो, कारण फरक कुठून तरी भरून काढला जाणारच.

माझा निर्णय ज्या गोष्टीवरून झाला ती क्षेत्रफळाची नव्हती. कोट आल्यानंतर घरात ठरलं की एका कोरड्या बाजूच्या ५ फुटी भिंतीला ७ ऐवजी ४ फुटांपर्यंतच टाइल लावायची, आणि त्याऐवजी शॉवरची तेवढ्याच रुंदीची भिंत वर स्लॅबपर्यंत, म्हणजे ३ फूट आणखी न्यायची. इकडचे १५ चौरस फूट कमी, तिकडचे १५ वाढले. टाइल तीच, मिस्त्री तोच. दोघांनाही हाच बदल सांगितला. मोजमापवाल्याने वहीत दोन ओळी बदलल्या, बेरीज होती तशीच राहिली. वर परांची बांधावी लागेल, एवढंच तो म्हणाला, आणि त्याचे पैसेही मागितले नाहीत. एकरकमीवाल्याने १५ फूट वाढवण्याचा जो भाव सांगितला, त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढाही १५ फूट कमी करण्याचा देईना. ‘त्यात एवढं काय कमी होणार?’ हे त्याचं उत्तर. त्याच्या बाजूनेही विचार करून पाहिला: माणसं तेवढेच दिवस येणार, माल आणणं तेवढंच, म्हणजे थोडं काम कमी झाल्याने त्याचा खर्च त्याच प्रमाणात उतरत नाही, हे खरं आहे. पण मग थोडं काम वाढल्यानेही तो त्याच प्रमाणात चढायला नको. कमी करताना एक भाव आणि वाढवताना दुसरा, याला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि त्याच्याकडेही नव्हतं.

हे मला फार टोचलं, कारण बाथरूमच्या कामात बदल होतातच. जुनी फरशी उखडली की खाली गंजलेला पाइप निघतो, भिंत ओळंब्यात नसते, कमोडची जागा चार इंच सरकवावी लागते. अशा वेळी काम अर्ध्यावर असतं, बाथरूम बंद असतं आणि दुसरा माणूस बोलावणं शक्य नसतं. त्या क्षणी हातात ठरलेला दर असेल तर बोलणं पाच मिनिटांत संपतं. नसेल तर सांगितला तो भाव द्यायचा. त्या एकरकमीवाल्याचं काम मी दुसऱ्या एका घरी पाहिलं होतं आणि ते खरोखर सुबक होतं, सांधे एका रेषेत, कुठेही पोकळ आवाज नाही. त्याच्या हातावर माझा आक्षेप नव्हता. प्रत्येक बदलाला नव्याने घासाघीस करण्याची माझी तयारी नव्हती, इतकंच.

म्हणून कोणताही कोट पारखताना मी हा प्रश्न विचारायला सुचवेन: १० चौरस फूट कमी केले तर किती वजा, आणि १० वाढवले तर किती जमा? दोन्ही आकडे जवळपास असतील तर कोट विचार करून तयार केलेला आहे असं समजायला हरकत नाही. आकड्यांत मोठी तफावत असेल तर मूळ रक्कम अंदाजाने टाकलेली असण्याची शक्यता बरीच.

वॉटरप्रूफिंगच्या बाबतीतही मोजमापाचा कोट मला उजवा वाटला, कारण तिथे काही लपवायला जागा राहत नाही. एकरकमीत ते एका ओळीत उरकलेलं असतं. बाबवार कोटात किती थर, भिंतीवर किती उंचीपर्यंत आणि ट्रॅपच्या गळ्याभोवती काय करणार हे लिहावंच लागतं. शॉवरच्या भागात ते निदान ६ फुटांपर्यंत चढलेलं असावं. टाइल लावण्याआधी ट्रॅप बंद करून २४ तास पाणी साठवून ठेवणं आणि खालच्या बाजूला ओल येते का ते पाहणं, ही चाचणी कोटातच लिहून घ्यावी. ती लिहायला जो नाखूश असतो, त्याचा कोट कितीही कमी असला तरी मी पुढे जाणार नाही. ही एक गोष्ट मी नरमाईने सांगू शकत नाही. टाइल तडकली तर बदलता येते. खालचा थर गळला तर सगळं पुन्हा उखडावं लागतं.

साहित्याचं थोडक्यात. व्हिट्रिफाइड टाइल अर्ध्या टक्क्याहूनही कमी पाणी शोषते, त्यामुळे सिमेंटचा गारा तिला नीट धरत नाही, ॲडेसिव्ह लागतं. आंतरराष्ट्रीय वर्गवारीत सिमेंटवर आधारित ॲडेसिव्हचे सी१ आणि सी२ असे मुख्य वर्ग आहेत, आणि सी२ ची पकड सी१ च्या दुप्पट असावी लागते. मोठ्या टाइल्सना आणि ओल्या जागेला सी२ मागावं. एकरकमी कोटात नुसतं ‘ॲडेसिव्हने’ असं लिहिलेलं असतं, तिथे वर्ग लिहून घ्या. ग्राउट इपॉक्सीचं (रेझिनचं) की सिमेंटचं, यावरही रकमेत बराच फरक पडतो. इपॉक्सी महाग असतं, शिवाय ते पुसायलाही वेळ लागतो, म्हणून त्याची मजुरी वेगळी मागितली तर ती रास्त आहे.

रोजंदारीवर मिस्त्री लावण्याचा तिसरा मार्गही लोक सुचवतात. दोन टाइल्स बदलायच्या असतील तर ठीक. अख्ख्या बाथरूमला मी त्या वाटेला जाणार नाही, कारण काम लांबण्याचं ओझं सगळं आपल्यावर येतं.

मोजमापाच्या कोटाला खोट नाही असं नाही. रनिंग फुटाने, म्हणजे नुसत्या लांबीवर, लावलेल्या बाबी तिथे हळूच शिरतात. कोपऱ्यांच्या कडा, उंबरा, खिडकीच्या पट्ट्या, कोनाडा. प्रत्येक दर लहान दिसतो, पण चार उभे कोपरे ७ फुटांचे म्हणजे २८ रनिंग फूट झाले. त्यामुळे फक्त दर मान्य करून थांबू नका. प्रत्येक बाबीपुढे अंदाजे परिमाण लिहून बेरीज करून मागा, आणि शेवटी प्रत्यक्ष मोजमाप दोघांनी मिळून टेप लावून घ्यायचं हेही लिहून ठेवा.

घर बंद असेल, डिझाइन पक्कं असेल, एकही टाइल इकडची तिकडे होणार नाही अशी खात्री असेल आणि ठेकेदार ओळखीचा असेल, तर एकरकमी ठेका घ्यायला माझी हरकत नाही. मात्र तेव्हाही कोटामागे वाढीव आणि वजा कामाच्या दरांचं एक पान सही करून जोडून घ्या: भिंत, फरशी, वॉटरप्रूफिंग, प्लास्टर आणि कडांचं कटिंग, एवढे पाच दर पुरेत.